'हो' चालत नाही

विमानाच्या पोटातून माणूस बोलला आणि मी किंचाळले. ते किंचाळणं अजून माझ्याकडे आहे, चार सेकंदांचं, अगदी स्वच्छ आवाजात.

झालं असं, की त्या दिवशी वारा नुसता सैरावैरा सुटला होता. धावपट्टीच्या टोकाला ती केशरी कापडी पिशवी असते ना, वारा कुठून येतोय ते दाखवणारी, ती एकदा इकडे तोंड करायची, एकदा तिकडे. माझ्यासारखीच. असल्या वाऱ्यात रेकॉर्डिंग करायचं तर मायक्रोफोनला फक्त फडफड ऐकू येते, म्हणून मी हँगरमध्ये शिरले. आत एकच विमान होतं. एकावर एक असे दुहेरी पंख, बसायला दोन जागा, आणि वयानं माझ्या आईपेक्षा मोठं. अर्ध्या अंगावर नवं कापड चढलेलं, अर्ध्या अंगाच्या लाकडी फासळ्या उघड्या. मी गळा साफ केला, मशीन सुरू केलं.

"श्रोतेहो, हेच ते निळं विमान, ज्याच्या आठवणी—"

"पिवळं," विमान म्हणालं.

मग ते किंचाळणं. मग विमानाखालून आधी दोन पाय, मग दोन काळेकुट्ट हात आणि शेवटी एक चेहरा बाहेर आला. कानामागे पेन्सिल, कपाळावर तेलाचा फराटा.

"घाबरलात?"

"छे! मला किंचाळायची हौस आहे."

"मग आणखी एकदा होऊन जाऊ द्या. इथं आवाज छान घुमतो."

आगाऊ कुठला! मी रागानं बघितलं, आणि तो हसला... आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलंच नाही. हे मला मुळीच आवडलं नाही.

आता माझ्याबद्दल सांगते. मी रेडिओवर काम करते. पाच वर्षांत ही चौथी नोकरी. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. कुठंही गेले की सहा महिन्यांत मला दुसरीकडचं बोलावणं ऐकू यायला लागतं, मग ते आलेलं असो वा नसो. निरोप घेण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. या वेळी रेडिओनं मला काम दिलं होतं ते गावाबाहेरच्या या छोट्या विमानतळावर पूर्वी येणाऱ्या जुन्या विमानांच्या आठवणी गोळा करायचं. आणि त्या आठवणींचं सगळं कोठार माझ्या घरातच होतं. माझे बाबा.

बाबा कुंपणवाले. म्हणजे दर शनिवारी विमानतळाच्या तारेच्या कुंपणाशी घडीच्या खुर्च्या टाकून, दुर्बीण आणि थर्मास घेऊन जे सहा-सात जण बसतात, त्यांतले एक. आलेलं-गेलेलं प्रत्येक विमान वहीत लिहायचं: वेळ, नंबर, रंग, शेरा. नियम एकच, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. माझा जन्म झाला त्या दिवशी बाबांच्या वहीत तीन विमानांची नोंद आहे, दवाखान्याच्या खिडकीतून दिसलेल्या. माझी नाही. त्यावरून आई अजून त्यांना ऐकवते.

बाबांच्या शेजारच्या खुर्चीत टॉवरकाका. जन्मभर विमानतळाच्या टॉवरमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले आणि कुंपणाबाहेर येऊन बसले. हे दोघं जिवलग मित्र, आणि तीस वर्षं भांडतायत ते याच विमानावरून. बाबा म्हणणार पिवळं होतं, टॉवरकाका म्हणणार निळं होतं. माझ्या तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये चाळीस मिनिटं "पिवळं", "निळं", "तुमचे डोळे तपासा" आणि "तुमचा मेंदू तपासा" एवढंच होतं. विमान पुढं कुठल्याशा गोदामात मोडकं सापडलं तेव्हा त्याच्यावर चंदेरी रंग होता, त्यामुळे निकाल लागायचा राहिलाच. आता ते दुरुस्त होऊन दूरच्या शहरातल्या एका संग्रहालयात जाणार होतं. आणि ते दुरुस्त करणारा हा मिस्त्री.

"तुम्हाला काय माहीत पिवळं ते?" मी विचारलं.

त्यानं मला बोटानं खूण करून पुढं बोलावलं. इंजिनावरच्या पत्र्यावर त्यानं तळहाताएवढी जागा घासून ठेवली होती. वर चंदेरी, मध्ये निळा, सगळ्यांत खाली पिवळा. एकात एक वर्तुळं.

"आधी पिवळं होतं. नंतर कुणीतरी निळं केलं," तो म्हणाला. "निळं म्हणणाराही खोटा नाही. पण मी पिवळ्याच्या बाजूचा. ते पहिलं."

मी धावत जाऊन दोघा म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन आले. दोघं त्या वर्तुळांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता गळ्यात गळे पडतील.

"विमानाला रंग बदलता येतो, हे तीस वर्षांत तुमच्या डोक्यात नाही आलं?" मी विचारलं.

"आलं होतं की," बाबा म्हणाले. "पण मग भांडायला काय उरलं असतं?"

"दोघंही खरं बोलत होतात," मिस्त्री हळूच म्हणाला. "फक्त एकमेकांचं ऐकत नव्हतात."

त्यानंतर मला हँगरमध्ये जायला कारणं सापडू लागली. पान्याचा आवाज हवाय. कापडावर लाकडी पट्टी फिरवल्याचा आवाज हवाय. पावसाची भुरभुर सुरू झाली तर पत्र्यावरच्या थेंबांचा आवाज हवाय. मिस्त्री काम करता करता तिरक्या नजरेनं बघायचा आणि म्हणायचा, "आज कसला आवाज संपलाय रेडिओचा?" मी त्याच्या टूलबॉक्सवर बसून पाय हलवत राहायची. त्याला दर पाच मिनिटांनी म्हणावं लागायचं, "उठा. सात नंबर." मी उठायची, तो पाना काढायचा, मी बसायची. "उठा. नऊ नंबर."

"सगळे पाने एकदम काढून का नाही ठेवत?"

"ठेवता येतील की," तो म्हणाला, आणि कधीच ठेवले नाहीत.

पाचव्या आठवड्यात इंजिन बसलं. त्या दिवशी त्याचा मदतनीस आला नव्हता. मिस्त्री म्हणाला, "आत बसाल का? बटणं दोनच आहेत. पण काम मोठं आहे."

मी मागच्या सीटवर चढले. चाकांपुढं लाकडी ठोकळे लावले होते. त्यानं समजावलं, की इंजिन सुरू करायला पुढचा पंखा हातानं फिरवायचा असतो. स्विच बंद असताना दोन-तीनदा फिरवायचा, मग स्विच चालू करून जोरात ओढायचा. "मी पंख्यापाशी उभा राहून ओरडेन. तुम्ही तेच शब्द परत म्हणायचे. शब्दाला शब्द. समजलं?"

"समजलं की. पोपटाचं काम."

तो पुढं जाऊन उभा राहिला. वारा, त्याचे विस्कटलेले केस, पंख्यावर ठेवायला वर आलेले हात... माझं लक्ष कुठं होतं ते सांगायलाच हवं का?

"स्विच बंद!"

"हो हो, बंद!"

तो तीन पावलं मागे सरला. मग चालत माझ्यापाशी आला, आत वाकला आणि खट्कन स्विच खाली केला. तो चालू होता. चढताना माझाच धक्का लागलेला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"'हो' चालत नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "'हो' माणूस सवयीनं म्हणतो. साहेब काही सांगतो, आपण 'हो'. घरातलं कुणी काही विचारतं, आपण पेपरातनं मान वर न करता 'हो'. 'हो' म्हणणाऱ्यानं ऐकलेलंच नसतं. माझ्या उस्तादाला आठ बोटं होती, असल्याच एका 'हो'मुळं. तू जे ऐकलंस ते म्हण. बघ, हात लाव, आणि मग म्हण."

मी मान हलवली. मग घाईघाईनं म्हणाले, "बघते, हात लावते, आणि मग म्हणते."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं.

"स्विच बंद!"

बघितलं. हात लावला. "स्विच बंद!"

"स्विच चालू!"

"स्विच चालू!"

त्यानं अख्खं अंग टाकून पंखा ओढला, आणि ते म्हातारं विमान खोकलं, शिंकलं, आणि एकदम धडधडायला लागलं. माझे दात वाजत होते, डोळ्यांत पाणी येत होतं, धुराचा वास नाकात जात होता, आणि कुंपणापलीकडे सहा-सात म्हातारी माणसं टोप्या उडवत होती. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. आणि दुसरीकडचं कुठलंच बोलावणं ऐकू येत नव्हतं.

इंजिन थांबल्यावर मी खाली उतरले. त्यानं हात दिला.

"मघाशी तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"रागात निघून गेलं."

"आता राग गेला ना?"

"गेला. पण... सवय झाली."

"एवढ्यात?"

"इंजिन गरम व्हायला तेवढाच वेळ लागतो," तो म्हणाला आणि कान लाल करून पंखा पुसायला लागला. पुसलेलाच पंखा.

मग माशी शिंकली. उड्डाणाला सहा दिवस उरले होते, सोमवार होता. विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. मी त्याची मुलाखत घेत होते. चहा आला, मुलाखत संपली, पण तो उठेना. चमचा फिरवत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"संग्रहालयवाले मला तिथंच ठेवून घ्यायचं म्हणतायत," तो म्हणाला. "नोकरी. राहायला जागा. कायमची." मग थांबून, "मी काय सांगू त्यांना?"

आजपर्यंत निघून जायचं काम माझं होतं. मागं राहायचं कसं, हे मला येतच नव्हतं. मी मायक्रोफोनची वायर गुंडाळायला लागले, भराभरा, आणि तोंड आपोआप बोललं, "हो हो, जा की! सोन्यासारखी संधी आहे."

तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं." आणि उठला.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत हेडफोन लावून ती मुलाखत कापायला बसले, तर काय! मशीन बंद करायचं राहिलं होतं. वायर गुंडाळल्याची खरखर. त्याचा प्रश्न. माझं ते "हो हो". आणि मग शांतता.

आमच्या कामात दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता ठेवत नाहीत. श्रोत्यांना वाटतं रेडिओ बिघडला. मी सवयीनं मोजली. अकरा सेकंद. अकरा सेकंद तो माझ्यासमोर बसून वाट बघत होता, आणि मी वायर गुंडाळत होते. पुन्हा ऐकलं. पुन्हा अकराच. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "काप ना तेवढं, रिकामं आहे." मला ते काही कापवेना.

मग माझा जीव थाऱ्यावर राहीना. बुधवारी हँगरमध्ये गेले, तर संग्रहालयाची माणसं आलेली. गुरुवारी फोन केला, तर तो म्हणाला, "बोल," आणि मागून कुणीतरी "बारा नंबर दे रे" म्हणून ओरडलं, आणि मी म्हणाले, "काही नाही, सहज." सहज! शुक्रवारी रंगाचा वास होता. विमान पुन्हा पिवळं झालं होतं, फक्त पत्र्यावरची ती तळहाताएवढी जागा त्यानं तशीच ठेवली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि दोघंही म्हणालो, "छान झालंय." घरी मी या खोलीतून त्या खोलीत जायची, पंखा लावायची, बंद करायची. शेवटी आई म्हणाली, "अगं, एका जागी बूड टेक की! काय झालंय तुला?"

"तिला मिस्त्री झालाय," बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले.

"बाबा!"

"डोळ्यांनी पाहिलंय," बाबा म्हणाले. "त्याला सांगितलंस?"

"सांगितलं की जा म्हणून."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. हे आमच्या घरात क्वचितच होतं. "गाढव आहेस," ते म्हणाले. "तीस वर्षं भांडत बसलेल्या माझ्यापेक्षा आणि टॉवरवाल्यापेक्षाही गाढव."

रविवारी सकाळी कुंपणाशी खुर्च्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या. वैमानिक ऑफिसात कागदांवर सह्या करत होता. मिस्त्री त्याच्याबरोबर दुसऱ्या सीटवर बसून जाणार होता. त्याची बॅग पंखाखाली ठेवली होती, एवढीशी. इंजिन गरम करायचं होतं. तो माझ्याकडे आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "बसतेस? शेवटचं?"

मी चढले.

तो पंख्यापाशी उभा राहिला. "स्विच बंद!"

बघितलं, हात लावला. "स्विच बंद!"

त्याचे हात पंख्याकडे गेले.

"थांब!" मी ओरडले. "आता माझी पाळी. मी म्हणेन ते तू परत म्हणायचंस. शब्दाला शब्द."

"मी म्हणेन ते—"

"अरे, अजून सुरू नाही झालं!"

कुंपणाशी कुणीतरी खोकलं. तिथं आता पेला ठेवल्याचाही आवाज येत नव्हता. मी दोन्ही हातांनी सीटची कड धरली. माणसं सोडून जाताना माझा आवाज कधी कापला नव्हता. आता कापत होता.

"सोमवारी मी 'हो हो' म्हणाले. ऐकलं नव्हतं म्हणून नाही. भीती वाटली म्हणून. हे परत नको म्हणूस, हे नुसतं ऐक." मी श्वास घेतला. "आता म्हण. माझा जीव जडलाय तुझ्यावर!"

तो गप्प.

एक. दोन. तीन. मला मोजायची सवय, काय करणार! पाच. सहा. वारा अचानक पडला होता. त्यानं हात पंख्यापासून बाजूला घेतले, पँटला पुसले. नऊ...

"माझा जीव जडलाय तुझ्यावर," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही!" टॉवरकाका कुंपणावरून ओरडले. "मागच्या रांगेसाठी एकदा!"

"माझा जीव जडलाय तुझ्यावर!" तो इतक्या जोरात ओरडला की हँगरवरची कबुतरं उडाली. मग तो धावतच माझ्यापाशी आला.

मी रडत होते आणि हसत होते. "पण त्या नोकरीचं काय? सही केलीस ना?"

"नाही केली."

"का? मी तर जा म्हणाले होते."

"तू 'हो हो' म्हणाली होतीस," तो म्हणाला. "'हो' मी धरत नाही."

त्यानं बोटानं माझा गाल पुसला, आणि नंतर आरशात बघितलं तर तिथं तेलाचा काळा फराटा होता. "तिथं विमान काचेआड ठेवणार," तो म्हणाला. "नुसतं पुसत बसायचं. मला नाही जमायचं ते. आणि इथं हँगरमागं आणखी एक मोडकं पडलंय, चाकं पण नाहीत त्याला. याला पोचवतो, तिथल्या लोकांना सगळं समजावतो, आणि शनिवारी येतो."

"शनिवारी येतोस," मी म्हणाले. शब्दाला शब्द.

मग तो पुढं गेला. "स्विच चालू!"

"स्विच चालू!"

विमान उडालं तेव्हा मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. पिवळा ठिपका होईपर्यंत कुणी बसलं नाही. बाबांनी लिहिलं: नऊ वाजून चार मिनिटं, नंबर, पिवळं. टॉवरकाकांनी वहीत डोकावलं आणि उसासा टाकला. मग बाबांनी त्याखालची एक ओळ रिकामी सोडली. बाबा! जे कागद वाचवायला समासातही लिहितात.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही," बाबा म्हणाले. "पण जागा धरून ठेवायला हरकत नाही."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. घड्याळ बिघडलंय की काय म्हणून मी दोनदा सेल बदलले. शनिवारी दुपारी दोनपासूनच मी विमानतळाच्या फाटकासमोरच्या बसथांब्यावर उभी होते. तीनची बस आली, तो नव्हता. साडेतीनची आली, तीतून एक बाई आणि दोन पोती उतरली. पहिल्यांदाच मला कळलं, की आपण निघून जायचो तेव्हा मागं कुणीतरी असं उभं राहत असेल.

चारच्या बसचं दार उघडलं. आधी टूलबॉक्स खाली आला. मग तो.

"आलास?"

"हो," तो म्हणाला.

"'हो' चालत नाही."

त्यानं टूलबॉक्स खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि माझा हात धरला. "आलो," तो म्हणाला. "राहायला आलो."

"हलू नका, हलू नका!" मागून कुंपणाकडून बाबांचा आवाज आला. "चार दहा की चार अकरा?"

"अहो, बस आहे ती! विमान नव्हे!" टॉवरकाका म्हणाले.

"डोळ्यांनी पाहिलंय, लिहिणार! वेळ लिहिली. रंग? शर्ट पिवळा."

"पिवळा? निळा आहे तो! डोळे तपासा!"

मी मागे वळले नाही. त्याच्या तळहाताला तेलाचा वास येत होता, आणि मला कुठंही जायचं नव्हतं. म्हटलं, भांडू दे त्यांना.